झाकणावरच्या तीन रेघा

क्षणभर असं समज, की तू नऊ वर्षांची अनवरी आहेस. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या लांब बाकावर अम्मीशेजारी बसली आहेस आणि तुझे पाय जमिनीला टेकत नाहीत. काळे कोट घातलेली माणसं लगबगीनं जातायत, शिपाई कुणाकुणाची नावं पुकारतोय. आणि तुझे नाना, ज्यांनी आयुष्यात कुणाची सुईसुद्धा उचलली नाही, ते पाच आठवड्यांपासून हर्सूलच्या जेलमध्ये आहेत. दिसलं सगळं? मग आता ऐक.

अनवरीचे नाना म्हणजे खुलताबादचे कमरोद्दीन कल्हईवाले. पितळेच्या भांड्यात आंबट शिजवलं तर ते कळकतं, म्हणून आतून कथलाचा पातळ चकचकीत थर द्यावा लागतो. ती कल्हई. घराच्या मागं नानांची भट्टी होती. भांडं तापलं की ते त्यात नवसागर टाकायचे, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, आणि काळंमिचकूट पातेलं बघता बघता आरशासारखं व्हायचं. अनवरी भाता ओढायची. छोटी भांडी नाना गावागावांत जागेवरच करून द्यायचे, मोठी मात्र काळीपिवळी जीपमध्ये घालून घरी आणायचे.

फुलंब्रीच्या काकासाहेबांच्या घरी लग्न होतं. त्यांनी मोठी पातेली कल्हईला दिली. नानांनी पाच परत नेऊन दिली. काकासाहेब म्हणाले, "सहा दिली होती." नाना म्हणाले, "पाचच." शब्दानं शब्द वाढला. पोलीस खुलताबादला आले, तर भट्टीजवळ तसंच एक पातेलं. काकासाहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "हेच माझं!"

"ते सरूबाईचं हाय," नाना सांगत राहिले. पण सरूबाई, त्यांची दुसरी गिऱ्हाईक, लेकीच्या बाळंतपणाला सोयगावकडं गेलेली, घराला कुलूप. नानांच्या बाजूनं बोलणारं कुणी उरलं नाही.

आता वकील कुठून आणायचा? अम्मी शिवणकाम करून घर चालवायची. तेव्हा कोर्टानंच रामकिसन वकील नेमून दिले. ते लोकअभिरक्षक होते. म्हणजे ज्याच्यावर खटला आहे आणि ज्याला वकील करणं झेपत नाही, त्याच्या बाजूनं उभं राहायला नेमलेला वकील.

शेजारच्या खालांनी नाक मुरडलं. "फुकटका वकील है, क्या लडेगा उनो?"

अनवरीनं हे पहिल्याच भेटीत वकिलांना जसंच्या तसं सांगून टाकलं. अम्मीनं कपाळावर हात मारला. रामकिसन वकील मात्र पोट धरून हसले.

"खालांना सांग, फुकटचा नाय. मला पगार मिळतो, आन तो तुझ्या नानांच्या बाजूनं बोलायचाच मिळतो. जेवलीस का?"

ते सगळ्यांना आधी हेच विचारायचे. पण त्या दिवशी हसू फार टिकलं नाही. ते नुकतेच नानांना भेटून आले होते.

"ताई," ते अम्मीला म्हणाले, "बाबा म्हणतात, गुन्हा कबूल करून टाकतो. आतल्या कुणीतरी सांगितलंय, की कबूल केलं की झाले तेवढे दिवस शिक्षेत धरतात आन सोडतात."

"मग येऊ द्या ना घरी!" अम्मीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"येतील. पण चोर म्हणून येतील. मग त्यांच्या हातात भांडं कोण देईल?"

तारीख आठ दिवसांवर होती. त्या दिवशी न्यायाधीशबाई विचारणार, गुन्हा कबूल आहे का, आणि नाना मान हलवणार.

रामकिसन वकिलांची एक सवय होती. ज्याचा खटला, त्याचं काम ते त्याच्याकडूनच शिकून घ्यायचे. मेंढपाळाचा खटला असेल तर मेंढरं कशी मोजतात ते, गवंड्याचा असेल तर ओळंबा कसा लावतात ते. "बाबा तर दुसरं काहीच बोलेनात," ते म्हणाले. "मग तू शिकव. कल्हईवाला कुणाच्या दारात गेला, की पहिल्यांदा काय करतो?"

"खूण करतो," अनवरी म्हणाली.

"कसली खूण?"

"नानांना लिहिता येत नाय ना. म्हणून ते दारातच कानस काढतात आन पातेल्याच्या काठाखाली रेघा मारतात. प्रत्येक घराच्या येगळ्या. तशाच झाकणावरबी. पातेलं आम्ही आणतो, झाकण त्यांच्या घरीच राहतं. परत देताना झाकण आन पातेलं जुळवून बघायचं. मग चुकत नाय."

वकिलांचा पेन हवेतच थांबला. "म्हंजे ज्या झाकणावर खूण, त्याचंच पातेलं तुमच्याकडं आलं?"

"व्हय. आन खूण नसली तर आलंच नाय." एवढी साधी गोष्ट या मोठ्या माणसाला कशी कळत नाही, याचं अनवरीला नवल वाटलं.

"पोरी, हे आधी का नाय सांगितलं?"

"कुणी इचारलंच नाय!"

दुसऱ्याच दिवशी रामकिसन वकील पुन्हा हर्सूलला गेले. नाना आधी मान वर करायला तयार नव्हते. "अनवरीनं मला खुणा शिकवल्या," असं वकील म्हणाले, तेव्हा कुठं ते बोलायला लागले. मग वकिलांनी सोयगावची एसटी धरली. ते त्याच तालुक्यातले, त्यामुळं सरूबाईची लेक शोधायला त्यांना दोनच गावं पालथी घालावी लागली.

तारखेला व्हरांड्यात सरूबाई आली ती झाकण बगलेत मारूनच. "माझं पातेलं पोलिसांनी धरलंय व्हय? त्याचा काय गुन्हा?" तिनं मोठ्यानं विचारलं, आणि रांगेतली माणसं हसली. काकासाहेबही आले. वकिलांच्या अर्जावरून कोर्टानं सांगितलं, म्हणून त्यांनी आपल्या घरची सहा झाकणं पोत्यात आणली होती. ते कुणाकडं बघत नव्हते.

आत नाना पिंजऱ्यात उभे होते, आधीपेक्षा बारीक. अनवरीनं हात हलवला. त्यांनी हलवला नाही, पण बोटं हलली.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

अनवरीनं अम्मीचा पदर मुठीत धरला.

"नाही, साहेब," नाना म्हणाले.

मग रामकिसन वकिलांनी जामीन मागितला आणि पुरावा म्हणून जप्त केलेलं पातेलं आणि झाकणं बघण्याची विनंती केली. सगळं टेबलावर मांडलं गेलं. न्यायाधीशबाईंनी चष्मा लावला. पातेल्याच्या काठाखाली बोट फिरवता फिरवता त्या थांबल्या. "तीन रेघा लागतायत." त्यांनी सरूबाईचं झाकण उचललं. तीन रेघा. झाकण पातेल्यावर ठेवलं, तर ते टक् करून बसलं.

"आता तुमची बघू," त्या काकासाहेबांना म्हणाल्या.

पाच झाकणांवर दोन रेघा आणि एक ठिपका. सहावं झाकण मात्र कोरं.

काकासाहेब ते झाकण हातात घेऊन उलटसुलट करत राहिले. मग त्यांचा चेहरा पडला. "साहेब, ह्याचं पातेलं... कल्हईला द्यायच्या आधीच मेव्हण्यानं जागरण-गोंधळाला नेलं होतं. परत आलंच नसंल. लग्नाच्या गडबडीत मी सहाच धरून चाललो. कल्हई झाल्यावर सगळी एकसारखीच दिसतात." ते पिंजऱ्याकडं वळले. "कमरोद्दीनभाई, माझं चुकलं."

त्या दिवशी नाना जामिनावर सुटले आणि पुढं खटलाही मिटला. व्हरांड्यात नानांनी रामकिसन वकिलांचे हात धरले.

"मला नका धरू," वकील म्हणाले. "मी तर शिकाऊ. मास्तरीणबाई ती बघा."

सरूबाई म्हणाली, "आन माझं पातेलं कधी देणार? जावयाला आमटी कशात करू?"

चार दिवसांनी खुलताबादच्या घरासमोर काळीपिवळी थांबली. काकासाहेब उतरले. त्यांच्या हातात मेव्हण्याकडून आणलेलं सहावं पातेलं होतं, आणि त्यावर ते कोरं झाकण. खाला दारातून मान लांब करून बघू लागल्या.

"कल्हई करायची होती," ते म्हणाले.

नाना भात्याजवळ बसले होते. त्यांनी अनवरीकडं बघितलं.

अनवरी उठली. तिनं नानांच्या पिशवीतून कानस काढली, पातेल्याच्या काठाखाली दोन रेघा मारल्या, शेजारी एक ठिपका दिला. मग झाकण मांडीवर घेऊन त्यावरही तेच केलं, ओढणीच्या टोकानं पुसलं आणि काकासाहेबांच्या हातात दिलं.

"हे घरी नीट ठिवा," ती म्हणाली, आणि भाता ओढायला बसली.