काळयंत्राला मारलेली टिचकी

मित्रांनो, चित्रपटात मला काळयंत्र म्हणतात. खरे तर मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातला जुना प्रेशर गेज, म्हणजे नळातल्या हवेचा दाब मोजणारे गोल उपकरण. माझ्या पोटात पितळेची एक वाकडी नळी आहे. दाब वाढला की ती किंचित सरळ होते आणि एका दातेरी चाकातून माझा काटा पुढे ढकलते. माझी रचना एवढीच, पण तिचा मला अभिमान आहे.

केंद्रात असताना पाळी बदलली की कोणीतरी यायचे, माझ्या काचेवर टिचकी मारायचे आणि मगच आकडा वाचायचे. पुढे माझ्या जागी आकडे उजळणारा नवा मीटर बसला. मी नाशिकरोडच्या एका भंगाराच्या दुकानात उपडा पडून राहिलो. काचेवर चिखल वाळला.

तिथून मला संपदाने उचलले. इंदिरानगरची ही मुलगी मैत्रिणींबरोबर सुपरहिरोचा चित्रपट करत होती. त्यातली नायिका काळात मागे जाते आणि परत येताना चुकून दुसऱ्या विश्वात उतरते. तिथे हुबेहूब तिच्यासारखीच एक असते. शेवटी दोघी काळयंत्रासमोर येतात. खरीने ते चालवले तरच आपले विश्व वाचणार. दोन्ही भूमिका संपदाच्या मैत्रिणीच्या, आरोहीच्या होत्या. संपदाने मला सायकलचा पंप जोडला आणि माझा काटा पुन्हा हलला.

चित्रपट तयार झाल्यावर तो शेजारच्या कुसाबाईंना दाखवला. त्या आरोहीला म्हणाल्या, "दोघीबी तूच हाय, पोरी. मग मी रडायचं कुणासाठी?"

संपदाचा चेहरा पडला. रविवारी महाविद्यालयात खेळ होता आणि आरोही त्याआधी, उद्याच नोकरीसाठी बंगळुरूला निघणार होती. शेवट बदलायचा तर आजच.

"कपाळावर अ आणि ब लिहू का?" आरोहीने विचारले.

"हुबेहूब म्हटल्यावर खूण कशी देणार?" संपदा वैतागली.

तेवढ्यात संपदाची आई, योगिनीताई, एकलहऱ्याची पाळी संपवून घरी आल्या. टेबलावर पंपाला जोडलेला मी दिसताच त्यांनी बोटाने टिचकी मारली. साडेचारवर अडकलेला माझा काटा सरकला.

"पाच," त्या म्हणाल्या आणि चप्पल काढायला वळल्या.

"आई, टिचकी का मारलीस?"

"अगं, जुना गेज आहे. काटा अडकतो. टिचकी मारल्याशिवाय आकडा खरा मानायचा नाही, हे मी रोज करते. चहा टाकतेस का?"

चहा आरोहीने टाकला. संपदा नवा प्रसंग लिहायला बसली होती.

रविवारी मी पडद्यावर भिंतीएवढा झालो. पहिली नायिका माझ्याकडे बघून म्हणाली, "साडेचार," आणि तिने कळ ओढायला हात नेला. दुसरीने आधी माझ्या काचेवर टिचकी मारली. काटा सरकला. "पाच," ती म्हणाली. "तुझ्या विश्वात आई एकलहऱ्याला कामाला नव्हती, नाही का?"

अंधारात कुसाबाईंचा आवाज आला, "हीच आपली पोर." आणि त्या रडल्या.

मित्रांनो, इतकी वर्षे मी त्या टिचकीला माझा दोष समजत होतो. तिनेच एक विश्व ओळखले. म्हणून सांगतो, जुनी उपकरणे फेकू नका. त्यांची काच पुसा, त्यांचा अडखळलेला काटा हलकेच मोकळा करा, आणि मगच ती खोटे सांगतात की खरे, ते ठरवा.

आता मी संपदाच्या घरी दाराजवळ टांगलेला आहे. मला आता पंप जोडलेला नाही. तरीही कामावर निघताना योगिनीताई थांबतात आणि टिचकी मारतात.

"शून्य," त्या म्हणतात.

अगदी बरोबर वाचतात.