पाठ झालेलं घर

प्रमिलाताईंचा पहिला इंग्रजी शब्द पाठ झाला आणि मोरीतली निळी बादली घरातून गेली. संध्याकाळी कॅनडाहून लेकीचा, मृण्मयीचा, फोन आला.

"आई, बादली पोचली. कडी वाकलेली, तीच ना?"

"तीच," प्रमिलाताई म्हणाल्या. "नीट वापर."

रीत साधी होती. कराडात औषधांच्या दुकानावरच्या माडीत मेहेंदळे बाई प्रौढांसाठी इंग्रजीचा वर्ग घेत. वस्तूला तिच्या इंग्रजी नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि तिच्याकडे न बघता तो शब्द दहा वेळा म्हणायचा. दहावी खेप बरोबर गेली की शब्द आपला झाला आणि वस्तू मृण्मयीची. गेलेली वस्तू परत येत नसे. हे बाईंनी सांगितलं नव्हतं, पण सगळंच काय बाईंनी भरवायचं?

मृण्मयीला नववा लागला होता. पहिलं बाळंतपण आईनेच करायचं, त्यात दुसरा विचारच नाही. पण विमानतळावरचा साहेब इंग्रजीत काय विचारेल, या धसक्याने प्रमिलाताईंना एका जागी बसवत नव्हतं. तीनशे शब्द आल्याशिवाय तिकीट काढायचं नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. एक बटण तुटलं तर शर्टाची सगळी बटणं उसवून पक्की करणारी बाई ती.

पातेली गेली, पलंग गेला, पंखा गेला. मांजर गेलं, तेव्हा मात्र त्या फोनपाशीच बसून राहिल्या. फोनवर मृण्मयी म्हणाली, "आल्या आल्या दूध प्यायलं. मजेत आहे." मग त्या आणखी जोमाने घोकायला लागल्या. शेंगदाण्यांचा डबा तेवढा राहिला, कारण त्यांचं इंग्रजी काही केल्या जिभेवर बसेना.

त्यांच्या यजमानांनीही पंधरा दिवस वर्ग केला होता. जन्मभर पोस्टात लोकांच्या पत्रांवर शिक्के मारलेला माणूस, पण शब्द आठव्या-नवव्या खेपेला हातातून निसटायचाच. त्यांना एक खुर्ची पाठ झाली नाही. म्हणून ती घरात होती आणि ते तिच्यावर बसून होते.

खिडकी पाठ झाली तिथे नुसती भिंत उरली. त्यावरून तरी शहाणं व्हायचं! पण मेहेंदळे बाईंच्या यादीत पुढचा शब्द 'डोअर' होता आणि प्रमिलाताईंनी आयुष्यात कधी अभ्यास बुडवला नव्हता. चिठ्ठी लावली, डोळे मिटले, एका दमात दहा वेळा म्हणून मोकळ्या झाल्या.

"आई," लगेच फोन आला, "हॉलच्या मधोमध आपलं दार उभं आहे. उघडत नाही. आतून कडी आहे."

कडी प्रमिलाताईंनीच घातली होती. अभ्यासात कुणी मध्ये येऊ नये म्हणून.

आता वर्ग नाही, तिकीट नाही. कौलातल्या काचेतून तेवढा उजेड यायचा. कपाट नाही, पलंग नाही, त्यामुळे भिंतींना अडवायला काही उरलं नव्हतं. भिंती रोज पाऊलभर आत सरकत. दोघं शेंगदाणे खात होते.

"आई, डॉक्टर म्हणतात आज-उद्या होईल," मृण्मयी म्हणाली. "मला भीती वाटतेय गं. तू येतेयस ना?"

प्रमिलाताईंना रडू फुटलं. त्यांनी फोन ठेवला आणि कागद फाडला. "अहो, तुम्हीच जा. तुमची चिठ्ठी लिहिते."

"मी जाऊन काय करू? मला साधा डिंकाचा लाडू वळता येतो का?"

"मग कसं करायचं?"

यजमानांनी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. अडतीस वर्षांत प्रमिलाताईंनी त्यांचं नाव उच्चारलं नव्हतं, आणि त्यांच्या मनात काय चाललंय हे कधी विचारलंही नव्हतं.

दुपारी गुडघे पोटाशी घेऊन त्या जमिनीवर कलंडल्या. जाग आली ती कपाळाला ओलं लागल्यामुळे. हात लावला तर चिठ्ठी. खळ अजून वाळली नव्हती. अक्षर पोस्टातलं, ठसठशीत: वाइफ.

यजमान खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले होते. मान ताठ होती.

"वाइफ," ते म्हणाले. "वाइफ. वाइफ."

"अहो, इथे तुमच्याजवळ कोण? चहासुद्धा करता येत नाही तुम्हाला."

"पातेलं कुठंय चहाला?" ते म्हणाले. "वाइफ. वाइफ. वाइफ."

भिंती दोघांच्या खांद्यांना टेकल्या होत्या. प्रमिलाताईंची बोटं चिठ्ठीच्या कोपऱ्यावर गेली आणि तिथेच राहिली. फोन वाजायला लागला.

"वाइफ. वाइफ. वाइफ."

नऊ खेपा झाल्या. यजमान थांबले. मागून त्यांचे फक्त कान दिसत होते, लालबुंद झालेले.

"अगं," ते म्हणाले, "काय गं तो शब्द?"

फोन वाजतच होता. प्रमिलाताईंनी चिठ्ठीवरची बोटं काढली आणि तोंड उघडलं.