अळणी श्रावण

माझ्या नवऱ्याला, मोहितला, मनाचा आजार आहे. कधी आठवडाभर झोपायचा नाही आणि नेहरू नगरात चार मजली हॉटेल काढायच्या गोष्टी करायचा, तर कधी महिनाभर आंघोळीलाही उठायचा नाही. लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या आणि गाडी रुळावर आली. इतकी, की तो मस्कतला वेल्डिंगच्या कामावर गेला. सासूबाई, म्हणजे सिंधुताई, लोकांना सांगायच्या की त्या गोळ्या ॲसिडिटीच्या आहेत. इतकी वर्षं टिकलेली ॲसिडिटी अख्ख्या भिलाईत दुसऱ्या कोणाला नसेल.

यंदा मोहितच्या गोळ्या सुटाव्यात म्हणून सासूबाईंनी श्रावणभर अळणी खायचं धरलं. त्यांचं ताट मला दिसत होतं. मोहितलाही तिकडे तेच करायला लावलंय, हे मात्र मायलेकांनी माझ्यापासून लपवलं. मी मोडता घातला असता. घातलाच असता, कारण डॉक्टरांनी बजावलं होतं, मीठ-पाणी नेहमीसारखं ठेवा. मीठ तोडलं आणि वर घाम गेला की ही गोळी अंगात साचून विष होते.

शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. फोन हातात थरथरत होता, जीभ जड झालेली. सकाळपासून उलट्या होत होत्या म्हणाला.

"काय खाऊन राहिले तुमी?" मी विचारलं.

त्यानं माझ्यामागे उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. "अळणी. आईनं सांगतलं होतं."

मला संताप आला, पण भांडायला वेळ नव्हता.

"दवाखान्यात जा. कोणती गोळी घेता ते सांगा."

"सांगतलं तर कंपनी घरी पाठवन. अन् मले तर उठताच येऊन नाही राहिलं."

त्याला उचलून नेणारा एकच होता, त्याच्या खोलीत राहणारा प्रफुल. तो इथलाच, भिलाई-३ वस्तीतला. त्याची आई मैनाबाई सासूबाईंच्या भजनी मंडळात. प्रफुलला कळलं की मैनाबाईला कळणार, आणि मैनाबाईला कळलं की पुढं कोणाला सांगायची गरज उरत नाही.

"प्रफुलले पोटाचं सांग," सासूबाई म्हणाल्या. "पोटाचंच सांग, बाबू."

"आई, पोटाचं औषध देतील अन् जीव जाईन त्यायचा," मी म्हणाले.

मोहितचे डोळे मिटायला लागले होते. मी घाबरले. हा माणूस आता जातो, असंच वाटलं.

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "प्रफुलले दे."

प्रफुलचा चेहरा आला. "हो काकू, बोला."

"मोहितले डोक्याचा आजार आहे," त्या म्हणाल्या. आवाज हलला नाही. "लिथियमची गोळी खाते तो. आत्ताच दवाखान्यात ने अन् डॉक्टरले गोळीचं नाव सांग."

"बरं काकू."

"थांब. त्याचं मीठ मी तोडलं. तेही सांग."