दादाच्या मागून येणाऱ्या गोष्टी

"अगं ए पोरी, डोळे उघड! धडपडशील कुठेतरी!" शिपाई ओरडला, पण मुलगी काही थांबली नाही. डोळे घट्ट मिटून, उजव्या हाताची बोटं भिंतीला टेकवत ती रुग्णालयाच्या बोळातून पुढे येत होती. पाण्याच्या पिंपाला तिने वळसा घातला, बाकावर खोकत बसलेल्या आजोबांच्या पायांना बगल दिली आणि चौकोनबाईंच्या दारासमोर येऊन बरोबर थांबली. मग डोळे उघडून तिने दाराकडे बघितलं आणि स्वतःशीच मान डोलावली.

चौकोनबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना हसू आलं. एकटीने आंधळी कोशिंबीर खेळणारं मूल त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

त्यांच्या दारावर 'आनुवंशिकी समुपदेशक' अशी पाटी होती. ती वाचता वाचता निम्म्या लोकांचा नंबर येऊन जायचा. कुणाच्या घराण्यात कुठला आजार कसा उतरला, हे बाई कागदावर काढून समजावत. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल आणि आजार असेल तिथे आतून काळं. त्यावरून कुण्या पोराने चौकोनबाई म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. बाईंचं सगळं काम एका शब्दावर चालायचं, तो शब्द म्हणजे शक्यता. इतकी आहे, इतकी नाही. 'होईल' म्हणायचं नाही आणि 'होणार नाही' तर त्याहून म्हणायचं नाही. समोर आईबाप जीव मुठीत धरून तोंडाकडे बघत बसलेले, आणि ह्या आपल्या टक्के समजावताहेत. सवय इतकी हाडीमाशी खिळली होती, की घरी नवऱ्याने "आज लवकर येशील का?" विचारलं तरी त्या "शक्यता आहे" म्हणत. नवरा म्हणायचा, "तू लग्नाला होकार तरी दिला होतास का गं? मला आपलं आठवतंय, की तू 'नाकारता येत नाही' म्हणाली होतीस."

मुलीचे आईबाप खोलीत बसले होते. ते आले होते थोरल्यासाठी. तेरा वर्षांचा तो मुलगा, त्याच्या डोळ्यांचे पडदे हळूहळू झिजत चालले होते. संध्याकाळ झाली की आधीपासूनच त्याला दिसायचं नाही, आता भरदिवसाही कडेचं दिसेनासं झालं होतं. हातात काठी कधी द्यायची, शाळेत काय आणि कसं सांगायचं, असले बोलायला नको वाटणारे विषय आज बोलायचे होते. मुलगा डोळ्यांच्या तपासणीला गेला होता. धाकटी नऊ वर्षांची. भावाच्या सतत मागे मागे म्हणून घरात तिला शेपूट म्हणत.

"काय गं शेपूट, कसला खेळ चाललाय?" बाईंनी विचारलं.

"खेळ नाहीये. सराव आहे."

"कसला सराव?"

"माझा नंबर लागेल तेव्हाचा," शेपूट म्हणाली. आवाजात रडू नाही, तक्रार नाही. शाळा सुरू व्हायच्या आधी पुस्तकांना कव्हरं घालून ठेवतात, तितक्या साधेपणाने ती बोलली.

आत आईचं बोलणं अर्ध्यावर तुटलं. बाईंनी मुलीला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"तुझा नंबर लागणार, हे कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? दादाची प्रत्येक गोष्ट मला येते. थोडी उशिरा येते, एवढंच." शेपटीने हात पुढे केले. अंगातल्या निळ्या स्वेटरच्या बाह्या दोनदा दुमडूनही बोटांवर येत होत्या. "हा दादाचा. दप्तर दादाचं. सायकल दादाची, तिची घंटीपण वाजत नाही. दादाला कांजिण्या आल्या, मग मला आल्या. दादाला गालगुंड झालं, मग मला झालं." मग ती म्हणाली, "आणि मी आले की आईबाबा बोलायचं थांबतात. आत्तापण थांबले."

ह्याच खोलीत दोन वर्षांपूर्वी शेपटीच्या रक्ताचा रिपोर्ट त्यांनी तिच्या आईबापापुढे ठेवला होता. पोरगी सुटली होती. आईने तेव्हा टेबलावर डोकं टेकलं होतं आणि बाप सारखं "बरं झालं, बरं झालं" म्हणत होता.

"तिला सांगितलं नाहीत?" बाईंनी हलकेच विचारलं.

"सांगायचं काय त्यात, ताई?" बाप गोंधळून म्हणाला. "तिला काही झालेलंच नाही ना!"

"आणि त्याच्यासमोर कसं बोलणार?" आई म्हणाली. "एकाला असं, दुसरीला काही नाही. आपण आनंद केला तर त्या लेकराला काय वाटेल? म्हणून म्हटलं, हा विषयच नको. कुणाकडेच नको."

वाईट बातमी कशी सांगावी, याचं बाईंनी रीतसर शिक्षण घेतलं होतं. आवाज कसा ठेवायचा, पाण्याचा पेला कधी पुढे करायचा, सगळं. चांगली बातमी आपली आपण घरी पोहोचते, असं मात्र सगळ्यांनीच धरून चाललेलं. आणि इथे एवढीशी पोर दोन वर्षं भिंती चाचपत होती.

आईने डोळ्यांनीच होकार दिला, तशा बाई पुढे वाकल्या.

"हे बघ शेपूट. स्वेटर दादाकडून येतो. कांजिण्यापण दादाकडून येतात. पण डोळे दादाकडून येत नाहीत. ते तुला आईबाबांनी दिले, वेगळे. दादाला आईकडून एक बिघाड आला आणि बाबांकडून एक. दोन्ही एकदम आले, म्हणून त्याला त्रास झाला. तुला तसे दोन्ही आलेले नाहीत. आम्ही तुझं रक्त घेऊन बघितलं होतं, आठवतं? तू सुई टोचणाऱ्या सिस्टरला चावली होतीस."

शेपूट विचारात पडली. मग तिने जपून विचारलं, "म्हणजे माझे डोळे नवीन आहेत?"

"नवेकोरे."

"दादाने वापरलेले नाहीत?"

"कुणीच वापरलेले नाहीत."

"मला दादाचा आजार होणार नाही? नक्की?"

बाईंच्या ओठांवर जुना शब्द आलाच होता. तो त्यांनी गिळला. इतक्या वर्षांत हे किती कमी वेळा म्हणता आलं होतं, आणि आज म्हणता येत होतं.

"नक्की," त्या म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना अनोळखी वाटला. मग राहवेना म्हणून त्यांनी पुढे जोडलं, "चष्मा लागेल की नाही, ते मात्र सांगता येणार नाही."

शेपूट हसली नाही. तिने बाहीत तोंड खुपसलं आणि जी रडायला लागली, ती आईने पोटाशी धरलं तरी थांबेना. आईही रडत होती. बाप खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि उगाचच पडदा सारखा करत बसला.

तेवढ्यात दार ढकलून दादा आला. डोळ्यांत औषध घातल्यामुळे तो पापण्या मिचकावत होता. "काय झालं? शेपूट का रडतेय?" त्याचा चेहरा पांढरा पडला. "तिलापण आहे ना? मला वाटलंच होतं. मला माहीत होतं."

"अरे, नाही रे! तिला नाहीये!" बाप एकदम वळून म्हणाला. "तिला होणारच नाही. दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मग तिला चेंडू का दिसत नाही?"

"कुठला चेंडू?"

"दिवेलागणीला गच्चीवर मी तिला चेंडू टाकतो. मला नाही दिसत, पण तिने झेलला की टप्पा ऐकू येत नाही, मग मला कळतं. रोज असं तपासून बघतो मी. पण हल्ली ती सारखा सोडते." त्याचा आवाज चिरकला. "रोज सोडते, बाबा!"

शेपटीने बाहीतून तोंड वर काढलं. नाक लाल, गाल ओले, पण चेहऱ्यावर अपमान. "मी डोळे मिटून झेलत होते, गाढवा! सराव करत होते!"

भिंतीला पाठ लावून दादा खाली सरकला आणि फरशीवर बसला. "हुश्श," म्हणाला. एवढंच. पुन्हा एकदा म्हणाला, "हुश्श." मग बापाकडे मान वर करून त्याने विचारलं, "मला वाईट कशाला वाटेल हो, बाबा? माझीच शेपूट ना ती?"

बाप लेकाशेजारी फरशीवर बसला आणि त्याने त्याच्या खांद्यावर हात टाकला.

काठीचं आणि शाळेचं बोलणं मग झालं. अवघडच होतं ते. पण दादा स्वतः बोलला, आणि काठी पांढरीच का, काळी का नाही, असं विचारून त्याने बाईंना पेचात पकडलं. शेपूट अधूनमधून खिडकीबाहेर बघत होती, समोरच्या इमारतीवरची कबुतरं मोजत होती.

निघताना बाई दारापर्यंत आल्या. आईबाप पुढे गेले. बोळाच्या तोंडाशी शेपटीने दादाला परत बाईंच्या दाराकडे वळवलं, त्याचा उजवा हात धरला आणि भिंतीला टेकवला.

"आता डोळे मीट."

"कशाला?"

"मीट रे! मला सगळं येतं. आता मला ते नको आहे, तू घे. पिंप यायच्या आधी ओलसर वास येतो. दाराच्या आधी भिंत संपून लाकूड लागतं. आणि इथे एक आजोबा आहेत, ते खोकतात. खोकल्याच्या डावीकडून जायचं."

दादाने डोळे मिटले. त्याची बोटं भिंतीवरून सावकाश सरकू लागली. त्याच्यासमोर, त्याच्याकडे तोंड करून, डोळे टक्क उघडे ठेवून शेपूट उलटी चालत होती. दादाच्या स्वेटरच्या बाह्या तिने कोपरापर्यंत वर सारल्या होत्या. आजोबांनी दोघांकडे पाहिलं आणि न सांगताच ते एकदा मोठ्याने खोकले.

दादा डावीकडून गेला.