मामांचा मिस्ड कॉल

कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. माझ्या सासऱ्यांचा, भिमाजी मामांचा दहावा होता. नवऱ्याने, महेशने, आईला सांभाळतो म्हणून सांगितलं, द्राक्षबाग मोडणार नाही म्हणून सांगितलं. कावळा ढिम्म. शेवटी उन्हाने वैतागून महेश वडिलांना उद्देशून म्हणाला, "दादा, मोटरवरचा तुमचा नंबर काढणार नाय!" कावळा लगेच शिवला.

त्या मोबाइल स्टार्टरचं मामांना भारी कौतुक. निफाडकडे सगळे तो बागेसाठी बसवायचे. मामांनी द्राक्षं, कांदा आणि माझा झेंडू, तिन्ही त्याच्यावरच चालवली. त्यात मामांचा नंबर नोंदवलेला; पहाटे पाचला वीज आली की अंथरुणातून मिस्ड कॉल द्यायचा, मोटर सुरू. मग चालत जाऊन हव्या त्या पिकाचा व्हॉल्व्ह हाताने उघडायचा.

तेराव्यानंतर मोटर रोज पाचला आपोआप सुरू होऊ लागली. मामांचा फोन तर बॅटरी काढून पेटीत ठेवलेला.

"त्यांचा नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला आसंल," महेश म्हणाला.

"आन् व्हॉल्व्ह? तो बी फोनवर फिरतो काय?"

कारण पाणी रोज झेंडूलाच जायचं. संध्याकाळी मी झेंडूचा व्हॉल्व्ह घट्ट बंद करायची, सकाळी सताड उघडा. दसरा आठ दिवसांवर आलेला आणि झाडं मुळातून कुजायला लागलेली. बाग घराची, झेंडू तेवढा माझा. नंबर काढा म्हटलं तर महेश अंगावर आला.

"कावळ्यासमोर शब्द दिलाय प्रतिभा, लय अवघड काम हाय!"

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी पाचच्या आधीच जाऊन व्हॉल्व्हपाशी बसले. बरोबर पाचला मोटर घरघरली. आणि माझ्या डोळ्यांदेखत व्हॉल्व्हचं लोखंडी चाक फिरू लागलं. सावकाश, मधेच थांबत. मामांचा खांदा दुखायचा तेव्हा ते असंच फिरवायचे.

पळावंसं वाटलं, पण समोर झेंडूची पानं पिवळी पडलेली दिसत होती. मी ओरडले, "मामा, बास करा! माझा झेंडू कुजला!"

चाक थांबलं. मग उलटं फिरून घट्ट बंद झालं. मोटरही थांबली.

मी तिथेच चिखलात बसून रडले. सासऱ्यांसमोर सुनेने तोंड उघडायचं नाही, ही आमच्या घरची रीत. काय हवं नको ते सासूबाईंमार्फत. बारा वर्षांत मी मामांशी स्वतः बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं, आणि त्यांनी ते मुकाट ऐकलं.