साल एकोणीस हजार शंभर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्यासाठी हळहळू नका. माझं म्हणणं तेवढं ऐका.

जयंत नावाच्या इंजिनिअरने गुडगावात लहानशी कंपनी काढली, तेव्हा मी तिथला पहिला संगणक होतो. काळा पडदा, पांढरी अक्षरं. प्रोग्राम लिहायच्या 'सी' भाषेची सगळी माहिती माझ्या डिस्कवर होती. हव्या त्या आज्ञेचं नाव टाईप केलं की तिच्या माहितीचं पान हजर. पुढे रंगीत पडद्यांची यंत्रं आली, फोनवरून इंटरनेट आलं आणि माझ्या डोक्यावर चहाचा ट्रे आला. आता सगळं नेटवर मिळतं, असं जयंत म्हणे. माझ्याकडे वळे ती फक्त नीरजा. दिल्लीतल्या आर. के. पुरमहून बसने येणारी, फिजिक्स शिकून नुकतीच नोकरीला लागलेली. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असे.

१९९९चा डिसेंबर होता. करोल बागेतल्या मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानासाठी तिने बिलांचा प्रोग्राम लिहिला होता. संगणकाचं घड्याळ पुढच्या वर्षात नेऊन पाहिलं, तर बिलावर साल आलं एकोणीस हजार शंभर. दुपारी दुकानदार येणार होता. तोवर दुरुस्त झालं नाही तर उद्यापासून येऊ नकोस, असं जयंतने तिला सुनावलं. त्यातच बाहेरच्या खोदकामात फोनची तार तुटली आणि नेट गेलं. मला भंगारात न्यायला बोलावलेला कबाडीवालाही दारात येऊन उभा राहिला.

"घड्याळाकडून साल दोन आकडीच मिळतं. त्याच्या आधी एकोणीसच्या जागी वीस लाव, बात खतम," जयंत म्हणाला.

तिने लावलं. साल आलं वीस हजार शंभर.

"सर, आता अंदाज नको. मी वाचते."

तिने ट्रे उचलून जमिनीवर ठेवला आणि माझ्यासमोर बसली. मी घड्याळाकडून साल घेण्याचं पान उघडलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: हा आकडा म्हणजे १९००पासून झालेली वर्षं, २००० साली शंभर. तो एकोणीसला नुसता चिकटवायचा नाही, १९००मध्ये मिळवायचा. तिने एक ओळ बदलली. बिलावर २००० उमटलं.

जयंत वाकून वाचत होता. "हे इथे कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून, सर."

कबाडीवाल्याने विचारलं, "मॅडम, उठा लूँ?"

"नहीं भैया. इसका काम बाकी है."

मित्रांनो, जुन्या यंत्रावर दया करा, असं मी म्हणणार नाही. माझाही पडदा एक दिवस विझेल. पण मला उचलण्याआधी माझ्यातली पानं दुसरीकडे उतरवून घ्या आणि अडलात की ती उघडा. तोवर चहाचा ट्रे दुसरीकडे ठेवा.