नळाखालचा खड्डा

शेजारच्या काकांनी मागच्या अंगणात "सामान ठेवायला एक छोटीशी खोली" बांधायला घेतली, तेव्हा त्यांच्या गवंड्यांना मी स्वतः चहा करून दिला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळ्या गल्लीत असं झालं की मला पहिल्यापासून त्यांचं चांगलं बघवत नव्हतं.

छोटीशी खोली! तिला मोठ्या काचेच्या खिडक्या, बाहेर शोभेचे दिवे, वर उतरतं छप्पर. आत पलंग येणार होता आणि भिंतभर टीव्ही.

"सामान म्हणजे तेच गं," काकू हसून म्हणाल्या. माझी तान्ही ठमी त्यांच्या कडेवर होती आणि त्यांच्या चष्म्याची काडी चघळत होती. काकूंनी चष्मा सोडवला नाही. त्या तशाच, अर्धवट दिसणाऱ्या डोळ्यांनी माझ्याशी बोलत राहिल्या. ठमीचा जन्म झाल्यापासून काकूंखेरीज आमच्याकडे दुसरं हक्काचं माणूस नव्हतं.

आमची घरं बैठी, एका ओळीत, एकाच साच्यातून काढल्यासारखी. पुढे रस्ता, मागे अंगण, दोन अंगणांमध्ये छातीएवढी भिंत. ठमीची खोली मागच्या बाजूला. त्या खोलीला मुळातच ओल. ठमी महिनाभर आधीच जन्मलेली, छाती नाजूक. जरा गारवा वाढला की तिच्या घशातून मांजरीच्या घुरघुरीसारखा आवाज यायचा आणि माझा जीव टांगणीला लागायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "खोलीत ऊन येतं ना? मग काळजी नको. भिंत कोरडी राहू दे. माझ्या बाटल्यांपेक्षा ते बरं."

आणि ऊन यायचं. सकाळी खिडकीच्या गजांमधून उतरून फरशीवर पट्ट्यापट्ट्यांनी पसरायचं. ठमी रांगत जाऊन एकेका पट्ट्यावर हात आपटायची, पट्टा हातावर चढला की दचकायची आणि माझ्याकडे बघून खुदकन हसायची.

काकांचं छप्पर चढलं आणि ऊन थांबलं. अक्षरशः, एका सकाळी होतं, दुसऱ्या सकाळी नव्हतं. ठमी नेहमीच्या जागी गेली, रिकाम्या फरशीवर हात आपटून बघितला, पुन्हा आपटला. थोड्याच दिवसांत कपाटामागे काळे ठिपके उगवले. घशातली मांजर परत आली.

मी भिंतीपाशी गेले. "काका, छप्पर जरा उंच नाही का झालं?"

काकांच्या कमरेच्या पट्ट्याला कायम मोजायची टेप लावलेली असते. कुणाचं झाड किती वाकलंय, कुणाची गाडी किती पुढे लावली आहे, सगळं ते मोजतात. माझ्या नवऱ्यानं त्यांचं नाव नियमकाका ठेवलं होतं. त्यांनी टेप सर्रकन ओढली, खोलीच्या भिंतीला लावली. "अडीच मीटरपर्यंत परवानगी लागत नाही, सूनबाई. हे बघ. बोटभर कमीच आहे. उगाच बोटभर सोडली नाही मी!"

"पण मुलीच्या खोलीतलं ऊन अडतंय."

"ऊन काय माझ्या नावावर आहे? तिला गच्चीवर ने की. मोकळी हवा मिळेल."

आमच्या घरांना गच्ची नाही. त्यांच्याही नाही. हे त्या माणसाला माहीत नसेल का? पण समोरच्याला गप्प करायचंच असेल तर घराला गच्चीसुद्धा फुटते.

नवरा म्हणाला, "जाऊ दे गं. शेजार आहे. आपण हीटर घेऊ."

"ऊन त्यांनी घ्यायचं आणि हीटर आपण?"

"तू ना, फार ताणतेस."

ताणते तर ताणते. मी पालिकेत तक्रार केली. इन्स्पेक्टर आले, तरुण, घाईत. त्यांनी खोलीशेजारच्या जमिनीवर टेप टेकवली, वर पाहिलं आणि म्हणाले, "ताई, बसतंय." गेले. काका भिंतीवर हात टेकवून उभे होते. "समाधान झालं? पुन्हा बोलवायचं असेल तर आधी सांग, मी कोट घालून थांबतो."

त्यानंतर काकूंचं आमच्याकडे येणं बंद झालं.

आठवडाभर मी नुसती धुमसत होते. कपडे पिळताना जास्त पिळले जायचे. एकदा अशीच ठमीची झबली वाळत घालत होते, तर भिंतीपलीकडे काकू दिसल्या. नुसती पाठ दिसली. भिंतीलगतच्या नळाशी त्या पार दुमडून गेल्या होत्या. वाकून पाहिलं, तर नळाखाली बादलीच्या मापाचा खड्डा. बादली त्या खड्ड्यात उभी. भरल्यावर काकूंनी ती दोन्ही हातांनी उपसून वर काढली, एक हात कमरेवर ठेवला आणि तशाच थोडा वेळ थांबल्या.

मी आमच्या नळाकडे पाहिलं. आमच्या नळाखाली बादली उभी राहते, वर ठमीचं डोकं मावेल एवढी जागा उरते. एकाच माणसानं, एकाच उंचीवर बसवलेले नळ. त्यांचा कशानं खाली गेला?

नळ खाली जात नाही. जमीन वर येते.

नवरा घरी आला तसं विचारलं, "मी बाळंतपणाला आईकडे होते, तेव्हा काकांनी अंगणात काही केलं होतं का?"

"काही नाही. माती टाकली होती वाटतं. लॉऱ्या येत होत्या. मला गाडी काढायला त्रास झाला होता."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोयस?"

"मातीचं काय सांगायचं?"

हसावं की रडावं! आधी अंगणभर भराव, मग त्यावर खोली, मग त्या भरावापासून मोजमाप, आणि वर बोटभर उदारपणा. सगळं मोजलं होतं त्या माणसानं. नळ तेवढा मोजला नव्हता, कारण जन्मात कधी त्यानं बादली भरली नव्हती.

इन्स्पेक्टर दुसऱ्यांदा कुरकुरत आले. मी ठमीला कडेवर घेऊन सरळ काकांच्या अंगणात गेले. "साहेब, छप्पर राहू दे. आधी हा नळ बघा."

"हा खड्डा कशाला?" त्यांनी विचारलं.

"बायकांच्या काहीतरी सवयी," काका म्हणाले.

इन्स्पेक्टर काकूंकडे वळले. काकू दारात उभ्या होत्या. "काकू, नळ आधीपासून इतका खाली होता?"

काकूंनी काकांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. ठमीनं त्यांच्याकडे झेप घ्यायला दोन्ही हात पुढे केले. काकूंचे हात आपोआप उचलले गेले आणि परत खाली आले.

"हो," त्या म्हणाल्या. "असाच होता."

ज्या बाईची कंबर त्या खड्ड्यात रोज मोडते, तिनंच म्हणायचं की खड्डा नाहीच? मला त्यांचा भयंकर राग आला. मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या काकांचा चेहरा दिसला, निवांत, उत्तर आधीच माहीत असलेल्या माणसाचा, आणि राग जागेवर आला.

"साहेब, कुणाला विचारू नका. हात घाला."

इन्स्पेक्टर उकिडवे बसले. खड्ड्याच्या तळातला चिखल त्यांनी बोटांनी बाजूला केला. खाली फरशी लागली. राखाडी, खडबडीत, आमच्या अंगणात आहे तीच. त्यांनी टेपचं टोक त्या फरशीवर टेकवलं आणि छपराच्या कडेपर्यंत ओढत नेलं. टेप चांगली हातभर जास्त गेली.

"अहो, पण मी नियमात..." काका म्हणाले.

"काका, नियम मूळ जमिनीपासून असतो. तुमच्या भरावापासून धरला, तर लोक आधी टेकडी करतील आणि वर खोपटं बांधतील. छप्पर उतरवा."

दुसऱ्या दिवशी काका आमच्या बैठकीत. पहिल्यांदाच पट्ट्याला टेप नव्हती. माझ्याशी नाही, नवऱ्याशी बोलले. "तुमच्याकडची भिंत पांढरीशुभ्र रंगवून देतो. उजेड परतेल. छप्पर कशाला मोडायचं? मी हिला लेकीसारखं मानतो."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर ते "जाऊ दे" आलंच होतं.

"पांढऱ्या रंगानं ओल सुकते का रे?" मी त्यालाच विचारलं. मग काकांना म्हणाले, "लेकीच्या घरातलं ऊन कुणी काढून घेतं का, काका?"

आत ठमी खोकली. नवऱ्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "काका, छप्पर उतरवा." हळू म्हणाला, पण म्हणाला.

छप्पर उतरलं. वरचे विटांचे थर निघाले, काचा लहान झाल्या. ऊन आलं, थोडं उशिरा आणि जरा तिरपं, पण आलं. कपाट सरकवून मी भिंत उघडी केली. ठिपके हळूहळू विटले. गल्लीत मी भांडकुदळ ठरले. "जरा सांभाळून घ्यायचं," असं समोरच्या मावशी म्हणाल्या. सांभाळून कुणी घ्यायचं? खोकणाऱ्या पोरीनं?

पण खरा संताप पुढेच होता. खोली उतरली, भराव तसाच राहिला. सरकारी हुकूम छपराबद्दल होता, मातीबद्दल नाही. काकू अजूनही दुमडून त्याच खड्ड्यात बादली उतरवत होत्या.

मी भिंतीवरून हाक मारली. "काका, नळ वर घ्या ना. अर्ध्या तासाचं काम आहे."

काका खुर्चीत बसले होते. त्यांनी वरही पाहिलं नाही. "ते कुठल्या नियमात लिहिलंय?"

मी आत गेले. झाडांना पाणी घालायची आमची नळी काढली, आमच्या नळाला लावली आणि दुसरं टोक भिंतीवरून पलीकडे सोडलं. काकू रिकामी बादली घेऊन उभ्या होत्या.

"वरच ठेवा, काकू. खड्ड्यात नको."

त्या जागच्या हलल्या नाहीत. काकांची खुर्ची करकरली. मी नळ सोडला. नळीतून पाणी आलं, काकूंच्या पायांशी मातीत पसरायला लागलं. त्या बघत राहिल्या. मग त्यांनी बादली पुढे सरकवली आणि पाणी बाहेर उडू नये म्हणून नळीचं टोक हातानं धरलं.

"अगं, आत ये," काका म्हणाले.

"येते. भरू दे," काकू म्हणाल्या.